पाटी नसलेलं दुकान, आणि कार्ड कुठल्या कंपनीचं घ्यावं

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यातली गोष्ट. अलिबागच्या एका लग्नाचा हायलाइट व्हिडिओ रेंडरला, म्हणजे फायनल फाइल बनवायला लावून मी कुकर चढवायला आत गेले आणि दुसऱ्या शिट्टीला कॉम्प्युटर बंद. धूर नाही, वास नाही. परत बटण दाबलं की पंखे अर्धी फेरी मारायचे आणि थांबायचे. ग्राफिक्स कार्ड स्लॉटमधून काढलं तेव्हा पंखे नीट फिरायला लागले. स्क्रीन काळीच, कारण माझ्या रायझन प्रोसेसरला स्वतःचं ग्राफिक्स नाही, पण चोर सापडला होता.

मी भांडुपला राहते आणि घरातच एडिटिंग करते. लग्नं, मुंजी, बारशी, डोहाळजेवणं, काय येईल ते. कार्ड होतं आरटीएक्स ३०६०, १२ जीबीचं, नोव्हेंबर २०२२मध्ये ३२,५०० रुपयांना घेतलेलं. त्याआधी दोन वर्षं क्रिप्टोच्या मायनिंगवाल्यांनी, म्हणजे कार्डं जुंपून डिजिटल नाणी कमावणाऱ्यांनी, कार्डांचे भाव असे चढवून ठेवले होते की मी नुसती वाट बघत बसले होते. त्या सप्टेंबरात इथेरियमवरचं मायनिंग बंद झालं, भाव उतरले आणि दिवाळी आटपल्यावर मी कार्ड घेऊन टाकलं. वॉरंटी तीन वर्षांची. म्हणजे कार्ड गेलं तेव्हा चार महिने हातात होते आणि मी निर्धास्त होते.

सर्व्हिस सेंटरनं नऊ दिवस ठेवून घेतलं आणि जसंच्या तसं परत दिलं. सोबत एक फोटो. मागच्या पत्र्यावर, जिथे एचडीएमआयची वायर लागते तिथे, तांबूस डाग आणि त्याभोवती लाल गोल. गंज आहे, वॉरंटीत बसत नाही. काउंटरवरच्या मुलानं वर विचारलं, "मॅडम, समुद्राजवळ राहता का?" भांडुपच्या पूर्वेला मिठागरं आहेत, त्यापलीकडे खाडी, हे खरं. पण मुंबईत समुद्रापासून लांब कोण राहतं ते त्यानं मला सांगावं. आणि कार्ड विकलंत तेव्हा समुद्र कुठे गेला होता? कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर केलेली तक्रार अजून चालू आहे. शिवाय पुढे जे बघायला मिळालं त्यानंतर त्या नावाला मी पूर्वीइतकी किंमतही देत नाही.

मी ज्याच्याबरोबर काम करते त्या फोटोग्राफरनं सांगितलं, लॅमिंग्टन रोडला एक काका आहेत, चिप लेव्हलचं काम करतात, म्हणजे बोर्डावरचा एकेक पार्ट बदलून दुरुस्ती, जाऊन ये. कार्ड टॉवेलात गुंडाळलं, डब्याच्या पिशवीत घातलं आणि दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरले. कागदोपत्री हा रस्ता डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. लॉर्ड लॅमिंग्टन १९०७ला मुंबईची गव्हर्नरकी सोडून गेला, पण कॉम्प्युटरचा माल घ्यायला निघालेला माणूस अजून त्याचंच नाव घेतो. स्टेशनबाहेर बी. मेरवानमध्ये मावा केक मिळतो का बघितलं. साडेअकरा वाजले होते, अर्थातच संपला होता.

काकांच्या आधी मी खाली एका टपरीवजा दुकानात विचारून बघितलं. तो म्हणाला, चिप गेली आहे, दीड हजारात 'हीट' मारून, म्हणजे चिप भाजून देतो. मला ते ऐकूनच धस्स झालं. हे पुढे काकांना सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "भाजलेली कार्डं महिन्याभरात परत मरतात. मग इथे येतात, आणि तेव्हा मीही काही करू शकत नाही."

तर काका. दुसरा मजला, लाकडी जिना, दाराला पाटी नाही. दहा बाय आठची खोली, त्यातली निम्मी पोटमाळ्यानं खाल्लेली. एका बाजूला मायक्रोस्कोप आणि हॉट एअर गन, दुसऱ्या बाजूला खिडकीत वाळत घातलेला पंचा. वय साठीच्या पुढे, पिक्चर ट्यूबच्या काळात टीव्ही दुरुस्त करायचे. मला आधी मॅडम म्हणाले, तासाभरानं ताई. कार्ड कुठल्या कंपनीचं हे त्यांनी विचारलंच नाही. उलटं करून थेट मीटर लावला.

"बारा व्होल्टची लाइन बसली आहे, शॉर्ट आहे," ते म्हणाले. मग चिपशेजारच्या कॉइलवर मीटर टेकवून मला आकडा दाखवला, जवळजवळ शून्य. मी म्हटलं, गेली का चिप? तर नाही. चिपच्या लाइनवर मीटर एवढंच दाखवतो, ती तशीच असते. नवशिके हा आकडा बघून चिप मेली म्हणून सांगतात आणि गिऱ्हाईक कार्ड भंगारात देतं. बारा व्होल्टच्या पिनांवर मात्र शून्य यायला नको, आणि माझ्या कार्डावर नेमकं तेच येत होतं.

पुढची दहा मिनिटं मी आयुष्यात विसरणार नाही. त्यांनी स्क्रू काढून कूलर उचलला. चिप आणि कूलरमधली, उष्णता वाहून नेणारी पेस्ट सुकून भिंतीच्या पोपड्यासारखी झाली होती. मग पॉवर सप्लाय एक व्होल्टवर ठेवून दोन वायरी बोर्डाला जोडल्या आणि रंगाच्या ब्रशनं सगळ्या बोर्डावर आयसोप्रोपिल अल्कोहोल फासलं. बोर्ड नाहून आल्यासारखा चकचकीत. आम्ही दोघं वाकून बघतोय. आणि मग कडेच्या एका कोपऱ्यात, तिळाएवढ्या एका पार्टाभोवती, ओल सगळ्यांच्या आधी उडाली. बाकीचा बोर्ड ओला आणि तिथे टिकलीएवढं कोरडं वर्तुळ. जिथे शॉर्ट तिथे करंट, जिथे करंट तिथे गरम. "हा बघा तुमचा चोर." सिरॅमिक कपॅसिटर. मायक्रोस्कोपखाली त्याच्या अंगावर केसाएवढा तडा दिसला. हवेच्या गननं तो उचलला, परत मीटर लावला, शॉर्ट गायब.

तडा का गेला? गंजानं नव्हे. सिरॅमिक कपॅसिटर बशीसारखा असतो, बोर्ड वाकला की तडकतो. "कार्ड मशीनमध्ये असताना मशीन कुठे हलवलं होतं का?" त्यांनी विचारलं आणि मी गप्प झाले. अलिबागच्या त्या लग्नात सेम डे एडिट, म्हणजे त्याच दिवशी तयार व्हिडिओ, द्यायचं होतं. आख्खं कॅबिनेट गाडीच्या डिकीत टाकून भाऊच्या धक्क्यावरून रो-रोनं मांडव्याला नेलं होतं, तसंच परत आणलं होतं, कार्ड आत लोंबकळत. म्हणजे यात अर्धा दोष माझा. सर्व्हिस सेंटरनं हे कारण दिलं असतं तर मी मान खाली घालून परत आले असते. त्यांनी कूलर उघडून बघायची तसदीच घेतली नव्हती, स्क्रूंवरचं सील जसंच्या तसं होतं.

उरलेला अर्धा दोष काकांनी बोट ठेवून दाखवला. पॉवरची पिन जिथे बोर्डात शिरते तिथे फ्यूजची जागा आखलेली होती आणि फ्यूजऐवजी नुसता जोड टाकलेला. किरकोळ किमतीचा पार्ट वाचवला. माझं नशीब म्हणून माझ्या पॉवर सप्लायनं शॉर्ट ओळखून स्वतःला बंद केलं. दुसरं म्हणजे मॉसफेटच्या, म्हणजे चिपला वीज पुरवणाऱ्या तापट पार्टांच्या, ओळीतल्या अर्ध्यांवर थर्मल पॅड (उष्णता कूलरला देणारी मऊ पट्टी) होता, अर्धे उघडे, कूलरला टेकतसुद्धा नव्हते.

मी विचारलं, "काका, मग कुठल्या कंपनीचं घ्यायचं?"

त्यांनी टेबलाखालचा ड्रॉवर ओढला आणि दोन बोर्ड माझ्यासमोर ठेवले. चिप तीच, कंपनी तीच. एकावर चिपच्या दोन्ही बाजूंना कॉइलींची भरगच्च रांग. दुसऱ्यावर त्याच जागा, पण मधल्या चार रिकाम्या, नुसते सोल्डरचे चौकोन. दात पडलेलं बोळकं. महागडं मॉडेल आणि स्वस्त मॉडेल, एकाच साच्यातली. एमएसआयचं व्हेंटस आणि सुप्रिम, आसुसचं ड्युअल आणि स्ट्रिक्स, गिगाबाइटचं विंडफोर्स आणि ऑरस: आडनाव एक, पण घरात कुणाला दूध मिळालं आणि कुणाला ताक, ते निराळं.

त्या रांगेचं काम साधं आहे. चिप चालते साधारण एक व्होल्टवर आणि सप्लायमधून येतात बारा. १७० वॉटच्या कार्डात चिपला शंभराच्या आसपास अँपिअर जातात, आणि तो भार या फेजेसमध्ये, म्हणजे कॉइल आणि तिच्या मॉसफेटच्या एकेका जोडगोळीत, वाटला जातो. वाटेकरी कमी तर प्रत्येकाच्या डोक्यावर ओझं जास्त, तापणं जास्त. पण, आणि हे मला आवडलं, काकांनी बोळक्या बोर्डाला नावं ठेवली नाहीत. कमी वॉटच्या कार्डाला उरलेले दात पुरतात. ते फक्त एवढं बघतात की जे आहेत त्यांच्यावर पॅड बसवलाय का.

चिप एनव्हिडियाची, मेमरी सॅमसंग, मायक्रॉन नाहीतर हायनिक्सची. मग खोक्यावर जिचं नाव ठळक असतं त्या कंपनीचं त्यात काय? बोर्ड, पॉवरचा भाग, कूलर, पंखे आणि बिघडल्यावर समोर उभा राहणारा माणूस. बस. त्यातही झोटॅक आणि इनोथ्रीडी एकाच पीसी पार्टनरच्या घरातले, पॅलिट, गेनवर्ड आणि गॅलॅक्स हे दुसऱ्या एका घरातले. आणि नुसत्या नावावर इमान ठेवायचं तर ईव्हीजीए आठवा. ज्यांच्या सर्व्हिसच्या गोष्टी लोक परदेशात अजून सांगतात त्या कंपनीनं सप्टेंबर २०२२मध्ये ग्राफिक्स कार्डांचा धंदाच सोडला.

खिडकीत एक बरणी होती, लोणच्याची असते तशी, आणि तिच्यात टोपी फुगलेले कपॅसिटर. २००० नंतरच्या काही वर्षांत मदरबोर्डांवरचे हे पार्ट रांगेनं फुगायचे, गळायचे. काकांचं घर त्या काळात या बरणीवर चाललं. आता कार्डांवर बहुतेक सॉलिड पॉलिमर येतात, ते तसे गळत नाहीत. म्हणून खोक्यावरच्या 'मिलिटरी ग्रेड'ला ते हसतात. "कुठल्या देशाची मिलिटरी ते लिहीत नाहीत." मी त्यांना २०२०च्या आरटीएक्स ३०८०ची आठवण करून दिली. कार्डं बाजारात आली आणि गेम मधेच बंद पडायला लागले. सगळे जण बोर्डाचे मागून काढलेले फोटो बघून चिपच्या पाठीवर मोठे पॉलिमर किती आणि बारीक सिरॅमिक किती ते मोजत बसले. त्या वर्षी मीही मोजले होते, कार्ड घ्यायला पैसे नसताना. मग त्याच महिन्याच्या शेवटी एनव्हिडियाचा नवा ड्रायव्हर आला आणि बहुतेकांची कटकट मिटली. मोजणी राहिली बाजूला. काकांना हा किस्सा माहीत नव्हता. त्यांनी बरणीकडे बघत तो दोनदा सांगायला लावला.

त्यांच्याकडे येणाऱ्या कार्डांत सगळ्यात जास्त काय जातं? पंखे. त्यांनी माझ्या कार्डाचा पंखा बोटानं फिरवून कानाशी धरला, आजोबा घड्याळ धरायचे तसा. स्लीव्ह बेअरिंगचं वंगण उष्णतेनं सुकतं, मग खरखर, मग पंखा अडकतो आणि कार्ड तापतं. बॉल बेअरिंग आवाज थोडा जास्त करतं पण टिकतं. ही एक गोष्ट कंपनीच्या वेबसाइटवर बहुतेक वेळा लिहिलेली असते आणि ती कुणी वाचत नाही.

आता तक्रारी, कारण काका देवमाणूस वगैरे नाहीत. दोन दिवस म्हणाले, सहा लागले. फोन उचलत नाहीत, आणि इकडे नवरदेवाचे मामा मला रोज 'व्हिडिओ कधी?' विचारतायत. बिल म्हणजे कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागे लिहिलेले २,८०० रुपये, त्यात कपॅसिटर, फ्यूज, नवे पॅड, पेस्ट आणि तीन महिन्यांची तोंडी गॅरंटी. एक स्क्रू कमी होता. आणि मुख्य म्हणजे घरी येऊन रेंडर लावलं तर चिप ८४ अंशांवर. पॅड जाड पडले होते. पॅड अर्धा मिलिमीटर जरी जास्त झाला तरी कूलर चिपवर नीट टेकत नाही. परत भांडुप ते ग्रँट रोड. काकांनी काही वाद घातला नाही. व्हर्नियर काढला, जुन्या पॅडचा तुकडा त्यांनी जपून ठेवला होता तो मोजला, स्वतःला एक शिवी घातली आणि सगळे बदलून दिले, पैसे न घेता. माझ्यासमोर वीस मिनिटं फरमार्क, म्हणजे कार्डावर पूर्ण ताण टाकणारं सॉफ्टवेअर, चालवलं, ६९च्या वर गेलं नाही. मला वाटतं हे काम त्यांनी पहिल्याच वेळी करायला हवं होतं.

ते कार्ड आजही चालतंय, दुसऱ्या मशीनमध्ये. कारण ऑक्टोबरमध्ये मी नवं घेतलं, आरटीएक्स ५०६० टीआय, १६ जीबी, ४६,५०० रुपये. आता लग्नाचे कॅमेरेवाले सर्रास १० बिट ४:२:२, म्हणजे रंगाची जास्त माहिती साठवणारा जड व्हिडिओ, शूट करून देतात. ३०६०ला ते हार्डवेअरवर उलगडता येत नाही, इंटेलच्या प्रोसेसरवाल्यांना जी सोय असते ती माझ्या रायझनमध्ये नाही, त्यामुळे एडिटिंगपुरत्या हलक्या कॉप्या, म्हणजे प्रॉक्सी, रात्रभर बनवत बसावं लागायचं. एनव्हिडियाच्या ५० मालिकेत ती सोय आली. मेमरीचं म्हणाल तर याच नावाचं कार्ड ८ जीबीतही मिळतं, आणि दुकानातल्या पोरानं तेच माझ्या गळ्यात मारायचा प्रयत्न केला, "मॅडम, सेम आहे, फक्त मेमरी कमी." चिप सेम आहे हे बरोबर. पण रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये ४के टाइमलाइनवर नॉइज रिडक्शन लावा आणि मग ती 'फक्त' किती असते ते बघा.

कंपनी निवडताना मी या वेळी उलट्या बाजूनं सुरुवात केली. बजेटातली तीन मॉडेलं धरली. टेकपॉवरअप या वेबसाइटवर उघडलेल्या कार्डांचे फोटो असतात, त्यात एकाचे मॉसफेट उघडे दिसले, ते बाद. उरलेल्या दोघांची वॉरंटीची कलमं दुकानातच उभ्या उभ्या फोनवर वाचली. मागे चार लोक तिष्ठत होते, तिष्ठू देत. एका कंपनीत वॉरंटी बिलाच्या तारखेपासून, दुसरीत सिरियल नंबरवरून, म्हणजे कार्ड बनल्याच्या तारखेपासून, मग माल गोदामात पडून राहिला तेवढे महिने आपले गेले. गंजाबद्दल दोघांनीही लिहिलं होतं. बिलवालीचं सर्व्हिस सेंटर लोकलनं जाता येईल असं होतं. तिचं घेतलं. नाव विचारू नका. तीन महिन्यांच्या वापरावर मी कुणाची जाहिरात करणार नाही, आणि तुम्ही घ्याल तेव्हा ते मॉडेल तसंच असेल याची खात्रीही नाही.

कार्ड शांत आहे. १८० वॉटचं, एकच आठ पिनांची वायर लागते, जुना साडेपाचशे वॉटचा सप्लाय पुरतो. एक खटकलं: ३०६०वर जीपीयू-झेड या सॉफ्टवेअरमध्ये हॉटस्पॉटचं, म्हणजे चिपच्या सगळ्यात गरम जागेचं, तापमान दिसायचं, ५० मालिकेत ते दिसतच नाही. पेस्ट सुकायला लागली की हाच आकडा आधी चुगली करायचा. मेमरीचं तापमान दिसतं, त्यावर भागवते. कार्ड लोंबकळू नये म्हणून त्याच्याखाली मुलाच्या बुद्धिबळातला हत्ती उभा केलाय. उंची जरा कमी पडत होती म्हणून हत्तीखाली पुठ्ठ्याची घडी. मुलगा सध्या एका हत्तीनिशी खेळतो. बाहेरगावी सेम डे एडिट असलं की कार्ड काढून वेगळ्या डब्यात नेते.

काकांचा नंबर देत नाही, त्यांनीच बजावलंय. ग्रँट रोडला पूर्वेला उतरा आणि लॅमिंग्टन रोडला लागल्यावर केबलवाल्यांना 'कार्डवाले काका' विचारा. दुपारी दोन ते साडेतीन जेवण आणि झोप, रविवारी बंद. सुटे पैसे न्या. जिना चढताना भिंतीच्या बाजूनं चढा, पाचवी पायरी हलते.